न कमावलेल्या पैशांचा कर

मेहकरच्या बसस्थानकासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर गौसिया फकीर मोहम्मद यांचे कार्यालय आहे. पाटीवर ‘आयकर व जीएसटी सल्लागार’ एवढेच लिहिलेले आहे. परंतु तुळशीचे लग्न लागून लग्नसराई उघडली, की त्या अरुंद जिन्यावर पाटीवर नसलेल्या कामासाठी माणसे चढू लागतात. मुलीचा बाप येतो, सोबत एखादा मामा किंवा चुलता, काखेत प्लास्टिकची फाईल. फाईलमध्ये होऊ घातलेल्या जावयाची तीन वर्षांची आयकर रिटर्ने असतात. “मॅडम, एवढं वाचून द्या जी,” असे म्हणून तो बाकावर टेकतो. पत्रिका गुरुजींनी पाहिलेली असते, घराणे भावकीने पारखलेले असते. राहिलेली पारख गौसियांकडे असते. निकाह ठरवणारेही येतात. त्यांची फाईल तीच, फक्त तीत पत्रिका नसते.

हा रिवाज कसा पडला याच्या मेहकरात दोन हकिकती सांगतात. पहिलीप्रमाणे एका बड्या व्यापाऱ्याच्या मुलीला आलेली सात स्थळे गौसियांनी एका बैठकीत परत पाठवली. तो व्यापारी कोण, हे मात्र सांगणाऱ्यांपैकी कोणालाच ठाऊक नसते. दुसरी हकिकत साधी आहे आणि बहुधा तीच खरी. कारण तिच्यातल्या पुष्पाबाई अजून गौसियांच्या शेजारी राहतात आणि विचारल्यास स्वतः सांगतात. भाचीला सांगून आलेल्या स्थळाचे रिटर्न त्यांनी सहज म्हणून गौसियांना दाखवले. गौसियांनी कागद उलटसुलट केला आणि म्हटले, “मावशी, हे रिटर्न भरलेलंच नाही. नुसतं लिहून ठेवलं. शेवटी मोबाइलवर नंबर येते, तो टाकून पक्कं करा लागते. ते केलंच नाही. चिठ्ठी लिहून डब्यात न टाकल्यासारखं हाय.” भाचीचे लग्न मोडले. मुलाकडची मंडळी जिन्यात येऊन भांडून गेली, आणि त्या भांडणाने गौसियांची जेवढी जाहिरात झाली तेवढी पाटीने कधी झाली नव्हती.

ही नजर त्यांना वडिलांकडून आली, असे त्या मानतात. फकीर मोहम्मद नांदुऱ्याला कापसाच्या अडतीत दिवाणजी होते. मुलीला शेजारी बसवून ते म्हणत, “लिखा हुआ तो सब पढ़ते, बेटा. जो लिखना टाले, वो पढ़.” एम.कॉम. होऊन गौसिया सासरी मेहकरला आल्या, त्यानंतर करसल्लागार झाल्या. वडिलांचे वाक्य त्यांनी धंद्याला लावले. घरभाड्याच्या खोट्या पावत्या घेऊन येणाऱ्या शिक्षकांना त्या सांगत, “भाड्याची पावती तुम्ही फाडसान, सर. पण घरमालकाच्या रिटर्नात ते भाडं कोण लिहीन?” रोखीने धंदा करणाऱ्यांना सांगत, “बँकेत काय जमा झालं, हे तुमच्या घरवालीच्या आधी आयकरवाल्यांले समजते.” पासवर्ड एजंटकडे ठेवणाऱ्यांना विचारत, “अंगठा कापून कोणाच्या टेबलावर ठेवसान का? मंग पासवर्ड काऊन ठेवता?”

पण त्यांचे सर्वांत गाजलेले वाक्य लग्नाच्या फायलींतून निघाले. पुष्पाबाईंच्या प्रकरणानंतर मुलाकडचे सावध झाले. रिटर्न पक्के करून आणू लागले. उत्पन्न मात्र असे बेताचे दाखवत, की कर पडण्याच्या रेषेच्या हातभर अलीकडे थांबावे. मोठेपणाही मिळावा आणि खिशालाही झळ लागू नये. गौसियांनी ही मेख ओळखली. त्या म्हणू लागल्या, “ज्या कमाईवर कर भरला नाही, ती कमाई मी मानत नाही.” हे वाक्य मेहकरातून चिखलीकडे गेले, तिथून खामगावकडे. सोयरिकीच्या बैठकीत चहा झाला, की मुलीकडचा वडीलधारा माणूस विचारू लागला, “चलान दाखवा.” कर भरल्याची ती पावती पुढे आली, की पाहुणे पाट मांडायला सांगत. आपल्या एका वाक्याने लोकांना खरे बोलायला लावले, याचा गौसियांना अभिमान होता. तो त्या कोणाजवळ बोलून दाखवत नसत, इतकेच.

गेल्या मार्गशीर्षात शालिग्राम जिना चढून आले. पैनगंगेच्या काठाला त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे, आणि गौसियांच्या घरी मेथी-वांगी त्यांच्याच बाजारातल्या पालातून, म्हणजे कापडी दुकानातून, जातात. या वेळी सोबत मामा-चुलता नव्हता; ज्या मुलीचे लग्न ठरायचे ती छाया स्वतः आली होती. बाजारात भाजीचा पाल तीच सांभाळते, त्यामुळे मोठ्या माणसांत बसण्याचा तिला संकोच नाही.

“अमडापूरचं स्थळ हाय, मॅडम,” शालिग्राम म्हणाले. “पोट्ट्याचं नाव प्रेम. मोटर वाइंडिंगचं दुकान हाय. बाप नाही, माय हाय. शेती नाही, पण काय करता, आजकाल दुकान बरं. अन् रिटर्न असं हाय म्हणता, का पाहतच राहा.”

गौसियांनी फाईल उघडली. सवयीने त्यांचा हात आधी चलानांकडे गेला. तिन्ही वर्षांची चलाने होती. उत्पन्न दर वर्षी नऊ लाखांच्या आसपास, कर पै-पैशासह भरलेला. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला.

तीनपैकी यंदाचे रिटर्न वेळेत भरलेले होते. मागची दोन मात्र त्या त्या वर्षी भरलेलीच नव्हती. ती दोन्ही यंदाच्या उन्हाळ्यात, एकाच आठवड्यात, अद्ययावत रिटर्न म्हणून भरली होती. ज्याचे उत्पन्न सांगायचे राहून गेले त्याने ते उशिरा कबूल करावे, म्हणून ही सोय आहे. पण कबुली फुकट नसते. मूळ करावर व्याज, आणि त्या दोहोंवर आणखी जादा कर. एवढे भरून या मुलाने मागच्या वर्षांचे उत्पन्न कबूल केले होते. त्याला नोटीस आल्याची खूण कुठे नव्हती. शिवाय नऊ लाख कमावणाऱ्या दुकानाच्या रिटर्नात मालसाठ्याच्या रकान्यात शून्य होते, आणि बचत खात्यावरचे व्याज एवढे थोडे, की त्यात मोटरीची वायरही आली नसती.

इतक्या वर्षांच्या धंद्यात गौसियांनी उत्पन्न लपवणारे पाहिले होते. बायकोच्या, मेव्हण्याच्या, प्रसंगी वारलेल्या आजोबांच्या नावावर उत्पन्न ढकलणारे पाहिले होते. पण नसलेले उत्पन्न ‘आहे’ म्हणून सांगणारा, आणि त्यावर दंडासारखा कर आपणहून भरणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. असा माणूस असू शकतो, हे त्यांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ते हसण्यावारी नेले असते.

“काय झालं, मॅडम?” शालिग्रामांनी विचारले. “कमी हाय का?”

“कमी नाही, भाऊ. जास्त हाय.”

“मंग तं बरंच हाय की! पोट्टी सुखात पडन.”

“बाबा, थांबा ना,” छाया म्हणाली. “मॅडमचं तोंड पाहा. जास्त म्हंजे कशापेक्षा जास्त, मॅडम?”

“कागदावर जेवढं दिसते, तेवढं त्या दुकानात दिसत नाही, एवढंच मी आज सांगू शकते. मले त्या मुलाले एक डाव भेटू द्या.”

शालिग्रामांना हे रुचले नाही. “सोमवारी साखरपुड्याची तारीख काढा लागते जी. पाहुण्यांले काय सांगू? सारा गाव म्हणीन, शालिग्रामले नऊ लाखाचा जावई पचला नाही.”

“सांगा, मेहकरच्या मॅडमले शंका हाय. सोमवारी दुपारी तुम्हीही या. तवा मी होय किंवा नाही सांगीन.”

ती दोघे गेल्यावर गौसियांनी फाईल मिटली, पण मनातून ती मिटेना. एकच उलगडा त्यांना सुचत होता, आणि तो भयंकर होता. दुसऱ्या कोणाचा तरी काळा पैसा या मुलाच्या नावावर धुतला जात असावा. गरिबाचे पॅन कार्ड वापरून त्याच्या नावावर धंदे उघडल्याची प्रकरणे त्यांनी ऐकली होती. शेवटी नोटीस यायची ती त्या गरिबालाच. तसे असेल, तर आपण नुसते लग्न मोडायचे की त्या पोराला सावध करायचे? सोमवारपर्यंत त्यांनी मनाशी प्रश्नांची साखळी जुळवून ठेवली: पासवर्ड कोणाकडे आहे, मोबाइल नंबर कोणाचा दिला, पैसे कोणत्या खात्यातून गेले.

सोमवारी सकाळच्या बसने प्रेम आला तो आईला घेऊन. पंचविशीतला, अंगाने काटक. बोटांच्या पेरांत वार्निशचा तपकिरी रंग कायमचा मुरलेला. जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार उपसून नवी भरणाऱ्याचे हात असेच असतात. हे हात पाहून गौसियांना जरा बरे वाटले. निदान दुकान तरी खरे होते. आई कौशल्याबाई बाकावर बसल्या आणि मुलाने तोंड उघडण्याआधीच त्यांनी आपले गाऱ्हाणे मांडले.

“मॅडमबाई, तुम्ही सरकारचे कागद पाहता म्हणे. माह्ये लाडक्या बहिणीचे पैसे दिवाळीच्या आधीपासून बंद हायेत. अंगणवाडीवालीले इचारलं, तं थे म्हणे, मावशी, तुमच्या घरात कर भरणारा माणूस हाय. म्या म्हनलं, बाई, आमच्या घरात भरते थे निरं पाणी!”

“माय, थे मंग सांग ना,” प्रेम पुटपुटला.

गौसियांनी मुलाकडे पाहिले. त्याची नजर जमिनीला लागली होती.

“मावशी, थोडं थांबा. तुमचं काम याच कामात हाय असं वाटते,” त्या म्हणाल्या. “प्रेम, तुह्या रिटर्नचा पासवर्ड कोणाकडे हाय?”

“माह्याकडे.”

“मोबाइल नंबर?”

“माहाच.”

“कराचे पैसे कोणाच्या खात्यातून गेले?”

“माह्या. दुसऱ्याच्या खात्यातून कायले जातीन?”

“म्हणजे कोणी तुह्या नावावर भरून नाही राह्यलं?”

“नाही जी.” त्याच्या आवाजात अपमान झाल्याचा सूर होता. “म्याच भरला. माह्याच पैशानं.”

“दुकानातून वर्षाकाठी खरं किती सुटते?”

उत्तर कौशल्याबाईंनी दिले. “अडीच लाखाच्या आतबाहेर, बाई. उन्हाळ्यात मोटरी जळतात तवा बरं राहते. पावसात माशा मारते.”

गौसियांची जुळवून ठेवलेली प्रश्नांची साखळी तिथेच तुटून पडली. पोराला कोणी फसवले नव्हते. त्याने अडीच लाख कमावून नऊ लाखांवर कर भरला होता. “काऊन?” एवढाच शब्द त्यांच्या तोंडून निघाला.

“लगन होत नाही म्हणून,” प्रेम म्हणाला. एकदा बोलायला लागल्यावर मग तो थांबला नाही. “पाहुणे येतात. पह्यले विचारतात, शेती किती? म्हटलं, नाही. नोकरी? म्हटलं, नाही. मंग रिटर्न विचारतात. म्या नव्हतं भरलं, मले भरा लागतच नव्हतं. पोहे खाऊन उठतात. एका मामानं तं पोहेही नाही खाल्ले, म्हणे पोट भरलं हाय. माह्या जोडीचे सारे तसेच बसून हायेत. मंग एक एजंट भेटला. मी म्हटलं, पाचसहा लाखाचं भरून दे, कर नको लागायले पाहिजे. थो हासला. म्हणे, येड्या, असं रिटर्न आता चालत नाही. मुलीवाले मेहकरले जातात. तिथं एक मॅडम बसते. थे उत्पन्न नाही पाहत, पह्यले चलान पाहते. चलान नसलं का फाईल बंद.”

“कोणती मॅडम?” गौसियांनी विचारले. विचारायची गरज नव्हती.

“आता काय सांगू जी,” प्रेम म्हणाला. “तुमच्यासाठीच भरला.”

माणसाला धक्का बसतो तेव्हा तो ओरडतो किंवा उठून उभा राहतो, असा समज आहे. गौसिया दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून नुसत्या बसून राहिल्या. ‘ज्या कमाईवर कर भरला नाही, ती कमाई मी मानत नाही.’ हे वाक्य त्यांनी किती जणांसमोर उच्चारले होते! खोट्याची वाट बंद करण्यासाठी त्यांनी जे कवाड लावले, त्याला एजंटांनी किल्ली करून घेतली होती आणि ती पोरांना विकायला काढली होती. या पंधरवड्यात आलेल्या फायली त्यांना आठवू लागल्या. लोणारची एक, डोणगावची एक; दोहोंतही चलाने अगदी वर लावलेली. ती पाहून त्यांनी समाधानाने मान हलवली होती. त्या दोन चलानांमागे कोणाच्या घरातले काय गेले असेल?

“पैसे कुठून आणले?” त्यांनी विचारले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

“तांबं विकलं.”

“कोणतं तांबं?”

“मोटर जळली का जुनी तार निघते. गिऱ्हाईक घेऊन नाही जात, मजुरीत आपल्याकडेच ठेवते. थे तांबं म्या पोत्यात साठवून ठेवलं होतं. चार वर्षांचं होतं. तार भरायची नवीन मशीन घ्याची होती.”

“म्हणजे?” कौशल्याबाई एकदम वळल्या. “तांबं तुह्या लग्नाच्या कपड्यालत्त्याले गेलं, असं सांगतलं होतं ना तू मले?”

“लग्नालेच गेलं, माय.”

“थांब. मले नीट समजू दे.” कौशल्याबाईंनी पदर खोचला. “तू नसलेले पैसे सरकारले सांगतले. सरकारले खरं वाटलं. म्हणून तुहं तांबं गेलं. अन् म्हणून माह्ये पैसे बंद झाले?”

“बंद व्हायचं कारण तेच असावं, असं दिसते,” गौसिया म्हणाल्या. खात्री नसलेली गोष्ट खात्रीने सांगायची त्यांना सवय नव्हती. “घरात आयकर भरणारा असला, तर ते पैसे मिळत नाहीत, असा नियम हाय. बिनलग्नाचा पोरगा त्या घरातच धरतात.”

कौशल्याबाई मुलाला म्हणाल्या, “एवढं श्रीमंत झालो आपण, अन् मले कोणं सांगतलंही नाही!” हे बोलताना त्या हसल्या की रडल्या, हे गौसियांना नीट कळले नाही.

प्रेमने खुर्ची पुढे ओढली. “मॅडम, झालं थे झालं. तुम्ही खोटं बोलू नका. फक्त छायाच्या बाबाले एवढंच म्हणा, का रिटर्न पक्कं हाय अन् कर भरलेला हाय. हे तं खरं हाय ना?”

हे खरे होते, आणि त्यातच सारी अडचण होती. एका वाक्यात गौसियांना आपली प्रतिष्ठा राखता आली असती. या फायलीत एकही बनावट कागद नव्हता. इतकी वर्षे त्या कागद वाचून कागदावर जे आहे तेच सांगत आल्या होत्या. आज कागदावर जे आहे तेच सांगितले, तर शालिग्रामांची मुलगी नऊ लाखांच्या घरात जाणार होती आणि पहिल्या पावसाळ्यात तिला अडीच लाखांचे घर दिसणार होते.

“ऐक,” त्या म्हणाल्या. “यंदाचं रिटर्न एकतीस डिसेंबरपर्यंत दुरुस्त करता येते. खरं उत्पन्न लिहिलं, तर यंदाचा कर परत मागता येईन. मागची दोन गेली. उशिरा कबूल केलेलं उत्पन्न मागं घ्यायची सोय त्यात नाही. ते पैसे बुडाले असंच समज. अन् यंदाचं दुरुस्त केलं तरी खातं विचारू शकते, का आधी नऊ लाख काऊन लिहिले? सरकारले न मागता दिलेलं परत मागितलं, का सरकार कारण विचारते. विचारलं तर जे झालं तेच सांगायचं. एकतीसच्या नंतर मात्र हा दरवाजाही बंद.”

“अन् दुरुस्त केलं तं लगन मोडते.”

“मोडू शकते.”

“मंग एकतीसच्या नंतर सांगतो त्यांले,” प्रेम घाईने म्हणाला. “साखरपुडा होऊ द्या, मंग...”

“चूप बे!” कौशल्याबाई कडाडल्या. “थे पोरगी माह्या घरात येईन. पह्यल्या दिवशी पिठाच्या डब्यात हात घालीन. थो हात बुडाले लागला, का तिले काय सांगू, का नऊ लाख रिटर्नात हायेत? बाई, कवा येऊन राह्यले पाहुणे?”

“तीन वाजता.”

“मंग बसतो आम्ही.”

तीन वाजता शालिग्राम आणि छाया आली, तेव्हा शालिग्रामांच्या खांद्यावर धुतलेला शेला होता. ते तारीख काढायच्या तयारीने आले होते. समोर मुलाकडची मंडळी पाहून ते हसले. “वा! इथंच बैठक! मंग मॅडम, होय ना?”

“मुलगाच सांगीन,” गौसिया म्हणाल्या.

प्रेमने सांगितले. दोनदा अडखळला, एकदा आईने वाक्य पुरे केले. शालिग्रामांना ते एका खेपेत समजले नाही, आणि ते त्यांच्या मंदबुद्धीचे लक्षण मुळीच नव्हे. ज्याने आयुष्यभर कर म्हणजे टाळायची गोष्ट असे ऐकले, त्याला हे समजावे तरी कसे? “म्हंजे कर बुडवला?” त्यांनी विचारले. “नाही? भरला? जास्त भरला? अरे, मंग गुन्हा काय केला यानं?” आणि समजल्यावर त्यांनी खांद्यावरचा शेला काढून मांडीवर ठेवला. “मायले!” एवढेच ते म्हणाले. मग गौसियांकडे वळून म्हणाले, “अन् मॅडम, म्या तुमच्या भरोशावर त्यांले चलान मागितलं होतं.”

“माहीत हाय, भाऊ.”

छाया इतका वेळ प्रेमच्या हातांकडे पाहत होती. “तांबं किती वर्षांचं होतं म्हणालात?” तिने विचारले.

“चार.”

“अन् विकायले किती दिवस लागले?”

“भंगारवाला टेम्पो घेऊन आला. एका दिवसात गेलं.”

“वर्षानुवर्षं साठवते असा माणूस मले रिटर्न नसतं तरी चालला असता,” छाया म्हणाली. “हेच पोतं दाखवलं असतं बैठकीत, तं काय बिघडलं असतं?”

“पोतं पाहून कोणी पोरगी देते का?” प्रेम कळवळून म्हणाला.

“पोऱ्याचं खरं हाय, छाया,” शालिग्राम हळूच म्हणाले. “म्याच नसतं पाहिलं.”

तारखेचे कोणी बोलले नाही. छायाने गौसियांना विचारले, “मॅडम, दुरुस्ती आज होते का?”

“होते.”

“मंग आमच्यासमोरच करा.”

“अव पोट्टे, तुहं काय त्यात?” शालिग्राम म्हणाले.

“माहं काही नाही. मावशीचे पैसे हायेत त्यात.”

गौसियांनी प्रेमला संगणकासमोर बसवले. पासवर्ड त्यालाच टाकायला लावला. दुकानाची बिले आणि मोबाइलवर आलेल्या पैशांची नोंद पाहत त्यांनी खरे आकडे एकेक करून भरले. मालसाठ्याच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. आर्थिक वर्ष संपताना पोत्यातले तांबे दुकानातच होते, ते लिहिले. प्रेमच्या मोबाइलवर नंबर आला. तो वाचताना प्रेम दोनदा चुकला, म्हणून तो छायाने वाचून दाखवला. रिटर्न पक्के झाले. नऊ लाखांचा मुलगा त्या खोलीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत, अडीच लाखांचा झाला.

“मंग होय का नाही?” जिना उतरताना शालिग्राम मुलीला विचारत होते. वरपर्यंत ऐकू आले ते छायाचे उत्तर: “एक मोटर भरताना पाहू द्या, बाबा. मंग सांगीन.”

दुसऱ्या दिवशी लोणार रस्त्यावरच्या गावचे एक गृहस्थ फाईल घेऊन आले. चलान सर्वांत वर, वेगळ्या पारदर्शक पाकिटात. गौसियांनी ते पाहिले. फाईल न उघडताच त्यांनी विचारले, “हा कर भरायले मुलाच्या घरातलं काय विकलं, हे विचारलं का तुम्ही?”

“आपण कसं विचारावं, मॅडम? म्हणूनच तं तुमच्याकडे आलो!”

“मले हे वाचता येत नाही,” गौसिया म्हणाल्या, आणि फाईल त्यांनी परत केली. गृहस्थ गोंधळून खाली गेले. खाली जाऊन झेरॉक्सवाल्याला विचारू लागले, की मॅडमची तब्येत बरी आहे ना.

जानेवारीच्या मध्यावर शालिग्राम मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले. छाया अमडापूरला जाऊन आली होती. दुकानात स्टुलावर बसून तिने पाच हॉर्सपॉवरची मोटर उकलण्यापासून भरण्यापर्यंत पाहिली. मध्ये कौशल्याबाईंनी चहा आणला, तर तिने तो तसाच थंड होऊ दिला.

“काय म्हणते?” गौसियांनी विचारले.

“म्हणते, हात चांगला हाय पोऱ्याचा. एक वेढा कमी पडला, तं त्यानं सारी तार उकलून परत भरली. गिऱ्हाईकाले समजलंही नसतं.” शालिग्रामांनी जुड्या टेबलावर ठेवल्या. “पण तारीख आता नाही म्हणते. पुढचं रिटर्न भरल्यावर. म्या म्हटलं, अव, तवर लोक काय म्हणतीन? म्हणे, लोकांले चलान दाखवा.” ते खो खो हसले आणि मग एकदम गंभीर झाले. “थे रिटर्न तुम्हीच भरून द्यान ना, मॅडम?”

“भरून देईन, भाऊ,” गौसिया म्हणाल्या. “वाचायचं मात्र छायाले सांगा.”